माऊस हातात घेतला की छातीत धडधडतं

"पन्नाशी उलटल्यावर हे नवं ऑनलाइन काम मला जमेल का?" असं सरळ विचारत माझ्याकडे समुपदेशनाला फार कमी लोक येतात. झोप उडाली, पित्त वाढलं, रविवारी संध्याकाळपासून चिडचिड होते अशा तक्रारी घेऊन येतात आणि हा प्रश्न खालून निघतो. बँकेतले येतात, शाळेतले येतात, पतसंस्थेतले येतात. आज ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ५३. सोबत वहिनी होत्या, सुरुवातही त्यांनीच केली. "मॅडम, ह्यांनी निम्म्या रजा आत्ताच संपवल्यात. सोमवार आला की छातीत धडधडतंय म्हणतात." ईसीजी काढून झाला होता, डॉक्टरांनी हृदयाला काही झालेलं नाही असं सांगितलं होतं. हे मी आधी विचारतेच. छातीची तक्रार मनाच्या खात्यावर टाकण्यापूर्वी शरीर तपासायलाच हवं.

मग हळूहळू कळत गेलं. ग्रंथालयात 'कोहा' आलं होतं. ही ग्रंथालयांसाठीची मोफत, मुक्त संगणकप्रणाली. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि आज आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत वापरली जाते. पुस्तकांना बारकोड चिकटले, पुस्तक शोधायच्या तालिका कार्डांची कपाटं मागच्या खोलीत गेली, देवघेव स्क्रीनवर सुरू झाली. या गृहस्थांनी वर्षानुवर्षं दाखलनोंद रजिस्टर लिहिलेलं. विद्यार्थ्याने लेखकाचं नाव अर्धवट सांगितलं तरी हात बरोबर त्या कप्प्यावर जाणार. परीक्षेच्या तोंडावर रांग लागलेली असताना स्क्रीनवर एक इंग्रजी चौकट उघडली. काय करावं ते त्यांना सुचेना. रांगेतल्या एका मुलाने "सर, द्या इकडे" म्हणत त्यांच्या हातातून माऊस घेतला आणि काम उरकलं.

"पोरगं चांगलंय हो, मदतच केली त्यानं," ते म्हणाले. "पण त्या दिवसापासनं काउंटरला बसूच वाटंना बघा."

तिथून टाळाटाळ सुरू झाली. गर्दी दिसली की रॅककडे जायचं, कंत्राटावर आलेल्या सहकारी मुलीला "तूच बघ" म्हणायचं. टाळलं की त्या क्षणी जीव सुटल्यासारखा वाटतो, आणि त्या सुटकेचीच मनाला सवय लागते. भीती तपासून बघायची वेळच येत नाही, म्हणून ती वाढत राहते. चिंतेच्या बहुतेक तक्रारींत हे घडतं, मग कारण लिफ्टचं असो, इंग्रजी बोलण्याचं असो किंवा कॉम्प्युटरचं.

पण एका माऊसमुळे इतकी धडधड? मला ते पुरेसं वाटत नव्हतं. वडिलांबद्दल विचारलं तेव्हा ते बराच वेळ थांबले. वडील इथल्याच एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. सोलापुरात १८७७ पासून गिरण्यांचे भोंगे वाजायला लागले आणि कित्येक पिढ्यांचा दिवस त्या भोंग्यांवर चालला. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा वडील हातात कसब असलेले, चांगले कमावते होते. त्यानंतर ते घरात बसले ते बसलेच. आईने विड्या वळून घर चालवलं. "वडलांना काम येत नव्हतं असं नाही मॅडम. ते काम लागणारच कुणाला नव्हतं." हे बोलताना त्यांचा आवाज बदलला. स्क्रीनवरच्या त्या चौकटीत त्यांना आपल्या वडिलांचं घरी बसणं दिसत होतं. अशा माणसाला "अहो, सोपं आहे, लहान मुलांनाही येतं" असं सांगणं क्रूर आहे. घरचे, ऑफिसातले प्रेमाने सांगतात हे मला कळतं, तरीही.

पुढच्या भेटींत आम्ही भीतीचे तुकडे केले. सर्वांत मोठा तुकडा होता, "एक बटण चुकलं तर सगळ्या नोंदी उडतील." याचं उत्तर मी दिलं नाही, मुख्य ग्रंथपालांना विचारून या म्हटलं. विचारायलाच त्यांना दोन आठवडे लागले. उत्तर मात्र ठोस मिळालं: त्यांच्या खात्याला देवघेवीपुरतीच परवानगी आहे, बॅकअप घेतला जातो, आणि ज्या नोंदीखाली पुस्तकाच्या प्रती जोडलेल्या आहेत ती नोंद कोहा थेट पुसू देत नाही. त्या रात्री झोप लागली असं वहिनींनी सांगितलं.

इंग्रजी चौकटींसाठी वही केली. जी चौकट येईल ती जशीच्या तशी उतरवायची, खाली मराठीत अर्थ, त्याखाली काय दाबायचं ते. रजिस्टर लिहिणारा माणूस, अक्षर मोत्यासारखं. पानं भरायला लागली तेव्हा त्यांच्याच लक्षात आलं की मोजक्याच चौकटी फिरून फिरून येतात.

दोन गोष्टी अगदी साध्या निघाल्या. एक, चष्मा. दोन भिंगांच्या चष्म्यातून स्क्रीन वाचायला ते मान वर करायचे, दुपारपर्यंत डोकं दुखायचं आणि आपली बुद्धीच चालत नाही असं वाटायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा दिला. दोन, टायपिंग. तरुणपणी त्यांनी टाइपरायटरवर मराठीची परीक्षा दिलेली, बोटं रेमिंग्टनच्या मांडणीवर बसलेली. त्यांना इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायला लावत होते. रेमिंग्टन मांडणीचा युनिकोड कळफलकही मिळतो. तो बसवल्यावर त्यांचा वेग पाहून सहकारी मुलगी म्हणाली, "काका, हे मला शिकवा की!"

सराव मात्र गर्दीत करायचा नाही हे ठरलं होतं. आधी संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर, मग सकाळी एकदोन विद्यार्थी असताना, परीक्षेची रांग सगळ्यांत शेवटी. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'मला जमेल' या विश्वासाबद्दल मांडणी केली. हा विश्वास सर्वांत जास्त वाढतो तो स्वतः करून जमल्याच्या अनुभवातून, कौतुकाने त्यामानाने कमी, असं त्यात आहे. माझा अनुभवही तसाच आहे. म्हणून मी त्यांना शाबासकी कमी देत होते आणि पुढची पायरी जास्त विचारत होते.

खरं वळण त्यांच्या स्वतःच्या जाणकारीतून आलं. कॉलेजचं एक जुनं पुस्तक रॅकवर समोर होतं, पण मुलांना शोधात सापडत नव्हतं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर आपण 'कवी' दीर्घ लिहायला लागलो. त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर 'कवि' ऱ्हस्व आहे, आणि नोंदही तशीच केलेली. मूल दीर्घ टाइप करतं, प्रणाली 'काही मिळालं नाही' म्हणते. हे इतर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण ती जुनी मुखपृष्ठं इतर कुणी हाताळलीच नव्हती. पर्यायी शीर्षकासाठी नोंदीत २४६ क्रमांकाचं क्षेत्र असतं, तिथे दुसरं रूप भरलं की दोन्हीकडून पुस्तक सापडतं. मुख्य ग्रंथपालांनी त्यांच्या खात्याची परवानगी वाढवून जुन्या मराठी पुस्तकांचं हे काम त्यांच्याकडे दिलं.

तुमच्या बाबतीत असंच घडेल असं मी म्हणणार नाही. झोप, भूक आणि उत्साह दोन आठवड्यांहून जास्त काळ गेलेले असतील किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर कॉम्प्युटरचं पुढे बघू. आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारच्या 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि जे शिकवणारे आहेत, त्यांनी गर्दीच्या वेळी शिकवू नये, शिकणाऱ्याच्या हातातून माऊस काढून घेऊ नये. तोंडाने सांगा, वेळ लागू द्या.

या गृहस्थांना स्क्रीन आवडायला लागलेली नाही, तसं ते स्पष्ट सांगतात. ई-जर्नलच्या लॉगिनचं काम आजही ते त्या मुलीकडे सोपवतात, पण आता त्यात लपणं नाही. कामाची वाटणी आहे. परीक्षेच्या काळात ते काउंटरला बसले. धडधड झाली, म्हणाले, पण बसलो.