तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : मकास्सर, बुगिस आणि दक्षिण सुलावेसीचा किनारा

इंडोनेशियाबद्दल प्रश्न मागवले तेव्हा वाटलं बाली, फार तर बोरोबुदूर येईल. पण बरेच प्रश्न सुलावेसी बेटाच्या दक्षिण टोकाबद्दल, म्हणजे मकास्सर शहर आणि बुगिस लोकांबद्दल आले, फार बरं वाटलं. या किनाऱ्याबद्दल आपल्याकडे फारच कमी लिहिलं जातं, म्हणून यावेळी सगळा कॉलम त्यालाच देतोय.

प्रश्न : सुलावेसी नकाशावर विचित्रच दिसतं, चार पाय पसरल्यासारखं. यातला नेमका कुठला भाग बुगिस लोकांचा? आणि तिथे पाऊस कधी असतो?

खाली डावीकडे जो पाय लोंबतो ना, तो नैऋत्येचा द्वीपकल्प, तोच. पश्चिमेला मकास्सरची सामुद्रधुनी आणि पलीकडे बोर्निओ, पूर्वेला बोनेचं आखात. टोकाकडच्या भागात मकास्सर भाषा बोलणारे लोक, त्यांच्या उत्तरेला आणि पूर्वेला बुगिस, त्याच्याही वर डोंगरात तोराजा, आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात बुलुकुंबाकडे कोंजो बोलणारे जहाजबांधणीवाले. बाहेरचे लोक सगळ्यांना सरसकट बुगिस म्हणून टाकतात, तसं करू नका, मकास्सर आणि बुगिस या दोन वेगळ्या भाषा आहेत आणि पुढे युद्धाची गोष्ट येणार आहे तिच्यात हा फरक फार महत्त्वाचा आहे.

पावसाचं म्हणाल तर मधोमध डोंगर आहेत, दक्षिणेला लोंपोबातांग 2,871 मीटर, उत्तरेला लातिमोजोंगची रांग 3,400 च्या वर, त्यामुळे दोन्ही किनाऱ्यांचे पावसाळे वेगळे पडतात. मकास्सरला डिसेंबर ते फेब्रुवारी धो धो पाऊस, आणि बोने-सिंजाईच्या बाजूला जोर एप्रिल ते जुलै. शिवाय वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो, सहा महिने पश्चिमेकडून आणि सहा महिने पूर्वेकडून. शिडाच्या जहाजाला अजून काय पाहिजे, एका वाऱ्याने जायचं आणि दुसऱ्याने परत यायचं.

प्रश्न : सिंगापूरला बुगिस स्ट्रीटवर शॉपिंग केली तेव्हा कोणीतरी सांगितलं की बुगिस म्हणजे समुद्री चाचे होते. खरंय का?

नाही, आणि हा गैरसमज खरंच जायला हवा. सिंगापूरला त्या भागाला बुगिस नाव पडलं कारण 19व्या शतकात दरवर्षी बुगिस व्यापाऱ्यांच्या गलबतांचा ताफा तिथे यायचा, कापड, तांदूळ, समुद्री काकडी, कासवाची कवचं, सोन्याची पूड असला माल घेऊन, आणि ते आले की बंदराचा सीझन सुरू व्हायचा. त्या काळात या समुद्रात मोठ्या धाडी घालणारे होते ते मुख्यतः मिंदानाओकडचे इरानुन, पण युरोपियन कागदपत्रांत शस्त्र बाळगणारा कुठलाही स्थानिक खलाशी चाचाच ठरायचा, तिथून हे चिकटलं.

उलट या लोकांनी समुद्रावरच्या व्यापाराचा कायदा लिहून ठेवलाय. मकास्सरमधल्या वाजो या बुगिस राज्यातून आलेल्या व्यापाऱ्यांचा प्रमुख होता अम्मान्ना गाप्पा, त्याच्या नावाने ही संहिता ओळखली जाते, ताडपत्राच्या परंपरेतून आलेल्या लोंतारा लिपीत. कुठून कुठे जायला भाडं किती, नाखव्याची जबाबदारी काय, माल बुडाला तर नुकसान कोणी सोसायचं, उधारी कशी फेडायची, सगळं त्यात आहे. 17व्या शतकाच्या शेवटी-शेवटी आकाराला आलेली ही गोष्ट आहे, आणि मला तर हा त्या किनाऱ्याचा सगळ्यात मोठा ठेवा वाटतो, किल्ल्यांपेक्षाही मोठा.

पण एक बाजू लपवायची नाही. मकास्सर हे गुलामांच्या व्यापाराचंही मोठं बंदर होतं, 18व्या शतकात तर फारच, आणि त्यात डच होते तसे स्थानिक सरदार आणि व्यापारीही होते. हे लोक चाचे नव्हते म्हणजे सगळे संत होते असं नाही.

प्रश्न : इंडोनेशियात सुलतान हसनुद्दीन राष्ट्रीय हिरो आहे आणि आरुंग पालाक्का डचांना मिळाला म्हणून फितूर, असं वाचलं. इतकं सरळ आहे का हे?

अजिबात नाही. उत्तर जरा लांबेल.

आधी मकास्सर मोठं कशामुळे झालं ते बघा. गोवा आणि ताल्लो ही दोन राज्यं जोडीने चालायची, गोवाचा राजा आणि ताल्लोचा बहुतेक वेळा त्याचा प्रधान. (हे गोवा तिकडचं, आपल्या गोव्याशी काही संबंध नाही.) 1605 मध्ये दोघांनी इस्लाम स्वीकारला. त्याच सुमाराला डच कंपनी पूर्वेकडच्या मालुकू बेटांतून लवंग आणि जायफळ फक्त आम्हीच उचलणार म्हणून अडून बसली होती. मकास्सरचं धोरण एकदम उलटं, कोणीही या आणि काहीही विका. मलाय, गुजराती, चिनी, पोर्तुगीज सगळे तिथे, इंग्रजांनी 1613 ला वखार टाकली, डॅनिश आले, आणि 1641 मध्ये डचांनी मलाक्का घेतल्यावर तिथले पोर्तुगीजही मोठ्या संख्येने इकडेच आले. डचांनी 1615 मध्ये मालुकूशी व्यापार बंद करा म्हणून दटावलं तेव्हा गोवाच्या सुलतान अलाउद्दीनने जे उत्तर पाठवलं त्याचा आशय असा, की देवाने जमीन आणि समुद्र केला, जमीन माणसांत वाटून दिली, पण समुद्र सगळ्यांना मिळून दिला, त्यावर जायला कोणी कोणाला मनाई केल्याचं आजवर ऐकलं नाही. हे वाचून मला दर वेळी त्या राजाबद्दल आदर वाटतो.

आणि ही माणसं अडाणी होती असंही समजू नका, ताल्लोचा कराएंग पात्तिंगाल्लोआंग पोर्तुगीज अस्खलित बोलायचा, युरोपियन पुस्तकं जमवायचा, त्याने डचांकडून मोठा पृथ्वीगोल मागवला आणि तो ॲम्स्टरडॅमच्या ब्लाऊच्या कारखान्यात बनून आला.

आता दुसरी बाजू. समुद्र सगळ्यांचा म्हणणारं हेच गोवा जमिनीवर मात्र शेजाऱ्यांना दाबत होतं. बुगिसांचं बोने राज्य 1611 ला त्यांनी जिंकलं, 1640 च्या दशकात बोनेने बंड केलं ते चिरडलं आणि नंतर अवस्था फारच वाईट केली. 1660 मध्ये डचांच्या हल्ल्याच्या भीतीने तटबंदी आणि खंदकाच्या कामाला बोने आणि शेजारच्या सोप्पेंग या बुगिस राज्याची हजारो माणसं जबरदस्तीने जुंपली, त्यात सरदार घराण्यातलेही होते. आरुंग पालाक्का हा बोनेचा राजपुत्र, याच अपमानातून उठलेल्या बंडात हरला आणि आधी बुटोन बेटावर आणि तिथून बटाव्हियाला (आजचं जकार्ता) डचांकडे पळाला. सिरि म्हणजे अब्रू, ती या समाजात जिवापेक्षा मोठी. त्याच्या नजरेतून बघा, त्याचा शत्रू डच नव्हताच, त्याच्या लोकांना गुलाम करणारा गोवा होता, आणि तेव्हा इंडोनेशिया नावाचा देश तर कोणाच्या डोक्यातही नव्हता मग फितुरी कोणाशी?

1666 च्या शेवटी डच कंपनीचा सेनापती कॉर्नेलिस स्पीलमन याचा ताफा निघाला त्यात आरुंग पालाक्का होता, तो परत येतोय कळल्यावर बुगिस उठले, आणि डचांना नुसत्या जहाजांवर हे युद्ध जिंकता आलं नसतं, जमिनीवरची लढाई बुगिसांनीच लढली. 18 नोव्हेंबर 1667 ला गोवाचा सुलतान हसनुद्दीन आणि डच यांच्यात बोंगायाचा तह झाला. डच सोडून बाकी युरोपियन हाकला, व्यापाराची मक्तेदारी कंपनीला द्या, बहुतेक किल्ले पाडा, आणि उजुंग पांडांगचा किल्ला आमच्या हवाली करा. स्पीलमनने त्या किल्ल्याला आपल्या जन्मगावाचं नाव दिलं, तोच आजचा फोर्ट रॉटरडॅम. हसनुद्दीन तह मोडून परत लढला, पण जून 1669 मध्ये सोंबा ओपू हा मुख्य किल्ला पडला आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

पुढे पालाक्का बोनेचा राजा झाला आणि 1696 मध्ये मरेपर्यंत सगळ्या द्वीपकल्पावर त्याचाच दरारा होता, आणि मजा म्हणजे त्याच्या जाचाला कंटाळूनही लोक देश सोडून गेले. वाजोने गोवाची साथ दिली म्हणून त्यांची राजधानी तोसोरा 1670 मध्ये उद्ध्वस्त केली, तेव्हा वाजोचे व्यापारी जहाजं घेऊन सगळीकडे पांगले. जावा, बोर्निओ, सुमात्रा, थेट सयामपर्यंत ही माणसं पोचली. 18व्या शतकात सिंगापूरजवळच्या रियाऊ बेटांत बुगिस सत्तेवर, मलेशियातल्या सेलांगोरचं सुलतान घराणंही बुगिस वंशाचं. म्हणजे डचांनी बंदर बंद केलं आणि ते बंदरच जणू माणसांच्या रूपाने अख्ख्या मलाय जगात पसरलं. माझं मत विचाराल तर हसनुद्दीनला हिरो म्हणा, 1973 पासून तो अधिकृत राष्ट्रीय हिरो आहेच, पण पालाक्काला फितूर म्हणू नका, बोनेमध्ये आजही तो मुक्तिदाता आहे.

प्रश्न : मकास्सरचे लोक इंग्रजांच्या आधी ऑस्ट्रेलियाला जायचे म्हणे?

इंग्रजांची वस्ती तिथल्या उत्तर किनाऱ्यावर व्हायच्या आधीपासून नक्की जायचे, समुद्री काकडीसाठी, तिला त्रेपांग म्हणतात आणि चीनमध्ये तिला भरपूर भाव. डिसेंबरच्या पश्चिमेच्या वाऱ्यावर निघायचं, आर्नहेम लँडच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यातून त्रेपांग काढायची, उकळायची, वाळूत पुरायची, धुरी देऊन वाळवायची, आणि एप्रिलच्या आसपास वारा फिरला की परत. फेब्रुवारी 1803 मध्ये इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सला तिथे पोबासो नावाच्या नाखव्याची सहा गलबतं भेटली, त्याने सांगितलं की आमची एकूण साठ गलबतं आणि हजारभर माणसं या किनाऱ्यावर आहेत. तिथल्या योल्ङु लोकांशी त्यांचा देवाणघेवाणीचा संबंध होता, कधी मारामाऱ्याही झाल्या, काही योल्ङु मकास्सरला जाऊन राहिले, आणि खलाशांनी नेलेल्या चिंचेची झाडं तिथे अजून आहेत. ऑस्ट्रेलियन सरकारने आधी कर लावले आणि मग परवानेच बंद केले, 1907 मध्ये शेवटचं गलबत परत आलं. कोणाचंही भलं न करता एक जुनं नातं कागदावरच्या एका निर्णयाने तोडलं. 1988 मध्ये जुन्या पद्धतीचं एक गलबत बांधून, हाती मारेगे नावाचं, मुद्दाम तीच सफर परत केली गेली.

प्रश्न : बुगिस समाजात पाच लिंगं मानतात हे खरं का? मुसलमान समाजात हे कसं चालतं?

खरं आहे. ओरोआने म्हणजे पुरुष, माक्कुन्राई म्हणजे स्त्री, चालाबाई म्हणजे पुरुषदेहाचे पण स्त्रीच्या वळणाने राहणारे, चालालाई म्हणजे त्याउलट, आणि बिस्सू, जे या सगळ्यांच्या पलीकडचे, पुरोहित. बिस्सू राजघराण्यांची पवित्र शस्त्रं सांभाळायचे, भातशेती सुरू करायचा माप्पालिली विधी करायचे, सेगेरीला अजून होतो. इस्लाम आल्यावरही साडेतीनशे वर्षं हे बरोबर चाललं, हेच मुद्दाम सांगायचंय. मोठा घाव बसला तो 1950 ते 65 मध्ये, कहार मुझक्करच्या इस्लामी राज्यासाठीच्या बंडात, तेव्हा बिस्सूंचा छळ झाला, मारलं, पूजेच्या वस्तू जाळल्या. आता थोडेच उरलेत.

बिस्सू ज्या पुराणकथा म्हणायचे ती ला गालिगो, जगातल्या सगळ्यात लांब काव्यांपैकी एक. 19व्या शतकात तानेतेच्या चोल्लिक पुजिए या राजघराण्यातल्या विदुषीने तिचे 12 खंड लिहून काढले, ते नेदरलँड्समधल्या लायडनला आहेत, आणि तेही पूर्ण काव्याचा काही भागच. 2011 मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं.

प्रश्न : जायचं असेल तर काय बघावं? पिनिसी जहाजं अजून बनतात का?

मे ते ऑक्टोबरमध्ये जा. फोर्ट रॉटरडॅम बघा, जावाचा राजपुत्र दिपोनेगोरो 1855 मध्ये तिथेच कैदेत वारला. मारोसच्या चुनखडीच्या डोंगरांत लेआंग-लेआंगची गुहाचित्रं आहेत, त्याच भागातल्या लेआंग कारांपुआंग गुहेतलं चित्र किमान 51,200 वर्षं जुनं असल्याचं 2024 मध्ये छापून आलं. शाकाहारी असाल तर तिथला प्रसिद्ध कोतो तुमच्या कामाचा नाही, तो गाईच्या मांसाचा आणि आतड्यांचा रस्सा, पण पिसांग एपे खा, चेपून भाजलेलं केळं आणि वर गुळाचा पाक.

आणि बुलुकुंबाला ताना बेरूच्या किनाऱ्यावर नक्की जा, साधारण पाचेक तासांचा रस्ता आहे. पिनिसी तिथे वाळूतच बांधतात, 2017 मध्ये ही कला युनेस्कोच्या यादीत आली. आधी फळ्या एकमेकींना लाकडी खुंट्यांनी जोडून बाहेरचं कवच तयार करतात आणि आतल्या बरगड्या नंतर बसवतात, कागदावर ड्रॉइंग नसतं, सगळं पुंगगावा म्हणजे मुख्य कारागिराच्या डोक्यात. दोन डोलकाठ्या, सात शिडं हे तिचं रूप, पण आता बहुतेकांना इंजिन आहे आणि बरीचशी पर्यटकांच्या क्रूझसाठी फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजो बंदराला जातात. लोखंडी लाकूड म्हणतात ते उलिन महाग आणि दुर्मिळ झालंय त्यामुळे कारागीर काळजीत आहेत. काम चालू असताना मधे मधे जाऊन फोटो काढू नका, आधी विचारा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात.

पुढच्या अंकासाठी बांदा बेटांबद्दलचे प्रश्न आलेत, जायफळाचे, ते तेव्हा घेऊ.