ध्रुवांवरचा बर्फ घटतोय की वाढतोय?

आमच्या यवतमाळकडच्या गावच्या ग्रुपवरही तो मेसेज फिरला: ‘अंटार्क्टिकात बर्फ वाढतोय, वितळण्याची बोंब खोटी.’ तर उत्तर: घटतोय.

गोंधळ दोन बर्फांचा आहे. समुद्रावर तरंगणारा वेगळा, जमिनीवरचा किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचा थर वेगळा. अंटार्क्टिकाभोवतीचा तरंगता बर्फ २०१४पर्यंत खरंच वाढत होता. मेसेज बहुधा तिथंच अडकलाय. २०२३ साली त्याच बर्फानं नीचांक गाठला.

जमिनीवरच्या बर्फाचं म्हणाल, तर जिनिंगवर कापसाची गाडी काट्यावर घ्यावी तसं त्याचं वजनच होतं. २००२ ते २०१७ ‘ग्रेस’ उपग्रहांची जोडी आणि २०१८पासून तिची धाकटी जोडी गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक टिपते. त्या हिशेबात ग्रीनलंड वर्षाला सुमारे २७० अब्ज टन गमावतंय, अंटार्क्टिका त्याच्या निम्म्याच्या आसपास.

पूर्व अंटार्क्टिकात एखाद्या वर्षी भरपूर बर्फ पडतो, हेही खरं. पण विहिरीला झरे असले तरी मोटर जास्त उपसत असेल, तर मार्चमध्ये तळ दिसतोच (आमच्या विहिरीचा दिसतो). इथं मोटरीचं काम कोमट समुद्र करतोय, पश्चिमेकडच्या थ्वेट्ससारख्या हिमनद्या खालून पोखरून.