हक्क आहेत, पण व्हिसाही आहे

तुम्ही विचारलंय, नागरिक नसलेल्या माणसाला अमेरिकेत बोलायची मोकळीक खरंच असते का, आणि मुलीला शाळेत जड जाईल का. फॉर्म, फी, मुलाखत हे सगळं वकिलातीच्या साइटवर आहे, त्यात मी पडत नाही.

कायद्याने मोकळीक आहे. संविधानातले बरेचसे हक्क परक्यांनाही लागू होतात, हे सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका चिनी लाँड्रीवाल्याने 1886 मध्येच सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेतलं. 1945 मध्ये हॅरी ब्रिजेस या ऑस्ट्रेलियातून आलेल्या गोदी कामगारांच्या पुढाऱ्याची हद्दपारी कोर्टाने रद्द केली आणि भाषणस्वातंत्र्य परक्यालाही आहे असं म्हटलं. मग 1952 आलं. हॅरिसिएड्स नावाचा माणूस लहानपणीच ग्रीसहून आलेला, कम्युनिस्ट पक्षाचं सदस्यत्व संपूनही वर्षं लोटलेली. तरी त्या जुन्या सदस्यत्वापायी त्याची हद्दपारी त्याच कोर्टाने कायम केली. हद्दपारी ही तिथे शिक्षा धरत नाहीत. म्हणून तिच्या सुनावणीत सरकारी खर्चाने वकीलही मिळत नाही. बोललात म्हणून गुन्ह्याची शिक्षा होणार नाही, पण राहण्याची परवानगी हा वेगळा मामला.

आता शाळा. आम्ही टेक्सासात, डॅलसजवळ. इथे सरकारी शाळेत रोज सकाळी अमेरिकेच्या झेंड्याची प्रतिज्ञा, मग टेक्सासच्या झेंड्याची, मग मिनिटभर शांतता. आमची लेक पुण्यात रोज 'भारत माझा देश आहे' म्हणत आलेली. ती जागेवर बसून राहिली. 'माझी घेऊन झालीय', म्हणाली. बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं.

असं करता येत नाही. 1943 मध्ये, ऐन महायुद्धात, वेस्ट व्हर्जिनियातल्या यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या मुलांच्या बाजूने कोर्टाने निकाल दिला की झेंड्याला सलाम करायची सक्ती चालणार नाही. तीनच वर्षांपूर्वीचा स्वतःचा निकाल फिरवून. (आपल्याकडेही 1986 मध्ये केरळातल्या त्याच पंथाच्या तीन मुलांना सर्वोच्च न्यायालयाने असाच दिलासा दिला होता.) टेक्सासचा कायदा सूट देतो, पण पालकांचं लेखी पत्र मागतो.

पत्र मी त्याच रात्री लिहिलं. नवरा म्हणाला, ग्रीन कार्डाचा अर्ज लटकलाय, शाळेशी वाकडं नको. आठवडाभर आम्ही मुलगी झोपल्यावर त्यावर कुजबुजत होतो. शेवटी दिलं, शाळेने मुकाट्याने घेतलं. चीड मला बाईंची आली, पण त्या कुजबुजीची अजून जात नाही. पुण्यात नगरसेवकाला रस्त्यात गाठून भांडणारी मी, इथे फेसबुकवर दोन ओळी लिहिताना पासपोर्टवरचं पुढचं व्हिसा स्टॅम्पिंग आठवतं. व्हिसाच्या फॉर्मवर 2019 पासून सोशल मीडियाची खाती विचारतात. एरवी पोलिसांना तुमचा फोन बघायला वॉरंट लागतं, विमानतळावर इमिग्रेशनवाले सहसा त्याशिवायच मागतात.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, भागतं.

तुम्ही टेक्सासातच येणार असाल तर सांगा, त्या पत्राचा मसुदा पाठवते. दोनच ओळी आहेत. नवऱ्याशी मात्र विमानात बसायच्या आधी बोलून घ्या.