वाचक विचारतात : फेब्रुवारीतलं गाव, मे महिन्यातलं गाव

प्रश्न : ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका डोंगरपट्ट्यातल्या गावचा ग्रामपंचायत सदस्य. गावचा विकास आराखडा करायला बसलो की ग्रामसेवक २०११च्या जनगणनेचा आकडा पुढे ठेवतात. रेशनकार्डं आणि शाळेचा पट बघितला तर तेव्हाही गावात याहून बरीच जास्त माणसं होती. आकडा चुकलाय का? दुरुस्त करून घेता येईल का?

उत्तर : चुकला असेलच असं नाही. तो फेब्रुवारीचा आकडा आहे. २०११ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली, आणि त्या दिवसांत तुमचं गाव कुठे असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. नियम असा होता की त्या वीस दिवसांत माणूस केव्हाही घरी राहिला असेल तर त्याची नोंद घरी; सगळा काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. ऊसतोडीला गेलेली जोडपी मोजायची ती सांगली-कोल्हापूरकडच्या कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपड्यांवर. तुमच्या गावात लागली ती म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली पोरं.

मी तेव्हा कृष्णाकाठच्या एका तालुक्यात जनगणनेची पर्यवेक्षक होते, हाताखाली घरोघर माहिती लिहून घेणारे सहा प्रगणक. त्यातले एक गुरुजी कोप्यांवर दोनदा जाऊन हात हलवत परत आले. टोळी पहाटेच फडात गेलेली. कोपीत आठेक वर्षांची एक मुलगी तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली. ‘आई-बाबा कधी येतात गं?’ तर म्हणाली, ‘गाडी भरल्यावर.’ शेवटी गुरुजींनी रात्री चुलीच्या उजेडात माहिती लिहून घेतली. त्यात स्थलांतराचं कारण विचारायचं होतं. नवऱ्यापुढे ‘काम’ आणि बायकोपुढे ‘कुटुंबासोबत’ असं लिहून त्यांनी कागद माझ्याकडे आणले. अहो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आगाऊ घेतलेली उचल फिटते ती दोघांच्या घामाने, आणि ती नुसतीच सोबत आली? मी ते कागद परत पाठवले. पण दर ठिकाणी कोण पाठवणार? म्हणून स्थलांतराच्या तक्त्यात कामासाठी बाहेर पडलेल्या बायकांचा आकडा दिसला, की खरा आकडा त्याहून मोठा असणार असंच मी धरते.

आता तुमच्या आराखड्याचं. जनगणनेचा आकडा ग्रामपंचायतीला बदलता येत नाही. वित्त आयोगाच्या निधीच्या हिशेबातही लोकसंख्या धरतात, तेव्हा तो राहू द्या. पण पाण्याची योजना एकट्या त्याच्या भरवशावर बेतू देऊ नका. जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे घरोघर नळाच्या योजनेत, माणशी रोज ५५ लिटर धरतात. टोळ्या परततात पाडव्याच्या मागेपुढे. म्हणजे विहिरी तळाला जातात नेमक्या तेव्हाच गाव भरलेलं असतं. फेब्रुवारीची डोकी मोजून बांधलेली टाकी मे महिन्यात पुरायची कशी?

दसऱ्याआधी, गाड्या लागण्यापूर्वी, घरोघर एक वही फिरवा. घरात माणसं किती, तोडीला जाणार किती, सोबत नेणार ती मुलं कोणती आणि कितवीतली. ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव करा आणि आराखड्याला जोडा. बैठकीत ‘आमची माणसं जास्त आहेत’ असं म्हणून कोणी ऐकत नाही, ठरावाची प्रत मात्र फायलीला लावावी लागते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मागतानाही हीच वही कामाला येईल. पुढच्या जनगणनेसाठीही १ मार्च २०२७चीच तारीख धरली आहे, म्हणजे पुन्हा ऐन गळीत हंगाम. तेव्हा वही एका वर्षापुरती नको.

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी पालघर जिल्ह्याची २०११ची आकडेवारी हवी आहे. जिल्ह्यांच्या यादीत पालघर सापडतच नाही.

उत्तर : कसा सापडेल? पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. ठाणे जिल्ह्याच्या तक्त्यातून वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके उचला आणि बेरीज करा. बेरीज माणसांची करा, टक्क्यांची सरासरी काढू नका. वसईत १३ लाखांवर माणसं, मोखाड्यात लाखाच्याही आत. सरासरीत दोघांना सारखंच वजन मिळतं आणि जिल्हा भलताच दिसतो. साक्षरता काढताना एकूण लोकसंख्येतून ० ते ६ वयाची मुलं आधी वजा करा. तपासायला आलेल्या दर दुसऱ्या प्रबंधात मला ही वजाबाकी राहिलेली दिसते.