तुमचे प्रश्न : गिअरबॉक्स खोलायच्या आधी

प्रश्न : काका, माझी गाडी हाताने गिअर टाकायची आहे, १ लाख १० हजार किलोमीटर झालेली. सकाळी निघाल्यावर थोडा वेळ दुसरा गिअर टाकताना ‘खर्र’ आवाज येतो, दांडीतून हाताला कळतो. गाडी तापली की कमी होतो. बाकीचे गिअर अलगद पडतात. गॅरेजवाले म्हणतात, बॉक्स उतरवून खोलावा लागेल. खोलू का?

उत्तर : वेळ येईल तेव्हा खोलाल, एवढ्यात नको. तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य ‘बाकीचे गिअर अलगद पडतात’ हे आहे. क्लच नीट सुटत नसता तर एकटा दुसराच का रुसला असता? पहिला आणि रिव्हर्ससुद्धा अडले असते. तरी खात्री करून घ्या. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. मग इंजिन चालू करा, क्लच तळापर्यंत दाबा आणि पुन्हा टाका. बंद असताना सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, असं झालं तर दुखणं क्लचचं. हायड्रॉलिक क्लच असेल तर पेडलच्या मुळाशी आणि बॉक्सजवळच्या सिलिंडरला ओल आहे का ते पाहा. केबल असेल तर ती ताणली गेली आहे का ते. एवढं न बघता बॉक्स खाली घेणारे मी भरपूर पाहिलेत.

क्लच ठीक निघाला तर संशय दुसऱ्याच्या सिंक्रो रिंगवर. ही बहुतेक गाड्यांत पितळी असते आणि तिच्या आतल्या उतरत्या बाजूला बारीक आटे असतात. गिअर टाकताना रिंग आधी गिअरच्या शंकूवर दाबली जाते, आटे तिथला ऑइलचा थर कापतात, घर्षणाने दोघांचा वेग जुळतो आणि मगच दात एकमेकांत शिरतात. आटे झिजून गुळगुळीत झाले की रिंग नुसती घसरते आणि दात दातावर आपटतात. तुम्हाला ऐकू येतो तो हाच आवाज. गार ऑइल दाट असतं, थर लवकर कापला जात नाही, म्हणून सकाळी त्रास जास्त. आणि नेमका दुसराच का? पहिल्या-दुसऱ्यातलं वेगाचं अंतर मोठं, आणि गर्दीत दिवसभर राबतो तोही तोच.

एक चाचणी फुकट आहे. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश, म्हणजे अशा रिंगांनी वेग जुळवणारी रचना, आणलं, त्याआधीचे ड्रायव्हर गिअर टाकताना दोनदा क्लच दाबत. तुम्हीही करा : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा दाबून दुसरा. असं केल्यावर खरखर गेली तर रिंग झिजली आहे असं धरून चाला.

पण त्याआधी ऑइल बदला. इतक्या किलोमीटरमध्ये एकदाही बदललं नसेल, अशी माझी पैज. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला. तिथे जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) असेल तर ‘जीएल-५ वरचढ आहे’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. जीएल-५ मधलं रसायन दातांवरचा प्रचंड दाब सोसायला असतं. काही प्रकार पितळ खातात, आणि तेलाचा निसरडेपणा रिंगला पकड घेऊ देत नाही.

बदलताना आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा, नंतरच खालचा ड्रेन बोल्ट खोला. ऑइल काढून बसलात आणि वरचा बोल्ट गंजून जाम निघाला, तर गाडी जागची हलणार नाही. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर ते बोटांनी पुसून बघा. काजळासारखा मऊ करडा लेप ही रोजची झीज, घाबरू नका. टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर बॉक्स खोलायलाच हवा. लेपच असेल तर नवं ऑइल घालून महिनाभर चालवा, दुसरा टाकताना दांडीवर जोर करू नका.

तरीही खरखर राहिली तर खुशाल खोला. मात्र नुसती रिंग बदलून बॉक्स बंद करू देऊ नका. स्लीव्ह (गिअर जोडणारी सरकती कडी) आणि गिअरचे छोटे दात बोथट झालेत का ते समोर उभं राहून पाहा, नाहीतर नवी रिंगही लवकर जाईल. बेअरिंगं हाताने फिरवून बघायला सांगा, सील नवी घाला, आणि क्लचप्लेट अर्ध्याहून अधिक झिजली असेल तर तीही. मजुरी बॉक्स उतरवण्याचीच असते, ती दोनदा का द्यायची?

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक ९० हजार किलोमीटर चालली आहे. पुस्तकात ऑइल ‘लाइफटाइम’ लिहिलंय. एक मित्र म्हणतो मशीनने फ्लश कर, दुसरा म्हणतो हात लावलास तर बॉक्स बसेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, दोघांचंही नको. तापलेलं ऑइल हळूहळू खराब होतंच, छापील शब्दाने त्यात फरक पडत नाही. दुसऱ्या मित्राची भीती कुठून येते तेही सांगतो. ते उदाहरण ठरलेलं असतं : बॉक्स आधीच घसरू लागलेला असतो, म्हणजे इंजिनचे फेरे वाढतात पण गाडी वेग घेत नाही, आणि तेव्हा कुणीतरी ऑइल बदलतं. आतल्या क्लचचं अस्तर संपलेलं असतं. दोष मात्र नव्या ऑइलला.

तुमची गाडी घसरत नसेल तर साधं काढून भरणं करा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या ऑइलभरल्या भागात, बरंच ऑइल अडकून राहतं, त्यामुळे एका खेपेत काहीच भाग बदलतो. थोडं चालवून पुन्हा तेच करा. खालचं पॅन निघत असेल तर फिल्टरही बदला. ऑइल पुस्तकात दिलेल्या प्रकारचंच. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) असेल तर तिचं वेगळं असतं, साधं एटीएफ (ऑटोमॅटिकचं नेहमीचं ऑइल) चालत नाही. काढलेलं काळपट आणि जळकट वासाचं असेल तर फार दिवस थांबलात. गुलाबी, दुधाळ दिसलं तर त्यात रेडिएटरचं पाणी शिरलंय. इंजिन सुरू न करता गाडी उचलून न्या.

प्रश्न : रिव्हर्स टाकताना कधी कधी कर्रकर्र होतं. बाकी काही नाही.

उत्तर : बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग टाका. थांबूनही होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, तो दाखवा.

प्रश्न : ऑटोमॅटिक बंद पडली तर न्यूट्रलमध्ये टाकून दोरीने ओढली तर चालेल ना?

उत्तर : बहुतेक गाड्यांत नाही. बॉक्समधलं ऑइल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आतले भाग कोरडे घासताहेत. गाडी ट्रकवर चढवून न्या. नाइलाज असेल तर पुस्तकात किती अंतर आणि किती वेग चालतो ते बघून तेवढंच ओढा, किंवा चालवणारी चाकं जमिनीवरून उचला.