सहा महिन्यांत पायलट करणारं फ्लाइंग स्कूल: भेटीला गेल्यावर मी काय पाहिलं

तुम्ही विचारलंय की नोकरीतून सहा महिन्यांची रजा मिळाली आहे, शून्यापासून कमर्शियल, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सपर्यंत जायचं आहे, दोन जलदगती फ्लाइंग स्कूल हेरून ठेवली आहेत आणि दोन्हीकडे ‘सहा महिन्यांत’ असंच सांगतात. मग प्रत्यक्ष भेटीत काय बघायचं? मी अशाच एका ठिकाणी शिकले. त्याआधी तीन ठिकाणं पाहिली होती आणि त्यातल्या पहिल्या ठिकाणी पैसे भरायच्या अगदी बेतात होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थोडक्यात सांगायचं तर, प्रवेशाच्या ऑफिसात अर्धा तास बसा आणि विमानं सोडतात त्या डिस्पॅचच्या टेबलापाशी अर्धा दिवस. स्कूल किती वेगानं शिकवतं ते तिथे दिसतं.

आधी साधा हिशेब करू. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) किमान निकषांप्रमाणे खाजगी लायसन्ससाठी 40 तास उड्डाण लागतं, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून गेलात तर 35. कमर्शियलसाठी 200, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात 150. देशोदेशीचे नियम यात फेरफार करतात, म्हणून ज्या देशाचं लायसन्स तुम्हाला वापरायचं आहे तिथला आकडा धरा. समजा 200 धरले. सहा महिने म्हणजे 26 आठवडे, म्हणजे आठवड्याला पावणेआठ तास. दीड तासाचा एक धडा धरला तर आठवड्याला पाच धडे, एकही आठवडा न चुकवता. आता ढग, वारा, विमानातला बिघाड, सर्दीनं दडे बसलेले कान, परीक्षा, यांत चारातला एक धडा रद्द झाला (आणि हे अगदी नेहमीचं आहे), तर दर आठवड्याला सात धडे वेळापत्रकात लागलेले हवेत. विमानं आणि शिक्षक यांची तेवढी सवड त्या स्कूलकडे आहे का, एवढंच तुम्हाला शोधून काढायचं आहे.

म्हणूनच ‘तुमच्याकडे विमानं किती?’ या प्रश्नाचा फारसा उपयोग नाही. ‘आज सकाळी त्यातली उडण्याजोगी किती होती?’ असं विचारा. शिकवणीच्या विमानांची बहुतेक ठिकाणी दर 100 तासांनी मोठी तपासणी होते, 50 तासांच्या आसपास ऑइल बदलतात. एखादं विमान आठवड्याला 25 तास उडत असेल तर दर चार आठवड्यांनी ते हँगरमध्ये जाणारच. त्यात गैर काही नाही. हँगरमध्ये गेलेलं विमान बाहेर कधी येतं, ते बघायचं.

मी पाहिलेलं पहिलं स्कूल दिसायला झकास होतं. काचेची लॉबी, मोठा सिम्युलेटर, गणवेशातली मुलं. डिस्पॅचच्या मागे पांढरा फळा होता, त्यावर नऊ विमानांचे नंबर. त्यातल्या तीन नंबरांपुढे लाल चुंबक लावलेले, म्हणजे ती विमानं बंद. एका लाल चुंबकासमोर ‘नोज स्ट्रट’ आणि तारीख लिहिली होती. ती तारीख सतरा दिवसांपूर्वीची होती. पुढच्या चाकाच्या दांड्यासाठी सतरा दिवस! बाजूच्या बाकावर एक मुलगा मांडीवर हेडसेटची पिशवी घेऊन बसला होता. मी विचारलं, कधीची फ्लाइट आहे? म्हणाला, नऊची होती. तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि बाहेर आकाश निरभ्र होतं. मी त्याला लॉगबुक दाखवशील का विचारलं, त्यानं लगेच उघडून दिलं. दोन पानांवर एकदा अकरा दिवसांची आणि एकदा आठ दिवसांची फट. मी त्या दिवशी पैसे भरले नाहीत.

मुलांशी बोलायचं तर अधल्यामधल्यांशी बोला. नुकते आलेले उत्साहात असतात, पास होऊन गेलेल्यांना सगळं गोड आठवतं. 60 ते 120 तासांच्या दरम्यान अडकलेली मुलं खरं सांगतात. त्यांना ‘कसं आहे?’ असं मोघम विचारू नका. गेल्या दोन महिन्यांच्या तारखा दाखवायला सांगा, शिक्षक किती वेळा बदलला ते विचारा. शिक्षक बदलणं हा या व्यवसायाचा स्वभाव आहे, कारण बरेच तरुण इन्स्ट्रक्टर स्वतःचे तास भरून एअरलाइनकडे निघालेले असतात. त्यांना दोष देऊ नये. पण नवा शिक्षक आला की तो तुम्हाला पारखायला दोन-तीन धडे घेतो आणि त्या धड्यांचे पैसे तुम्हीच देता. माझे दोन शिक्षक बदलले. दुसऱ्या वेळी मागच्या शिक्षकानं माझ्या प्रत्येक धड्याची नीट नोंद ठेवली होती, त्यामुळे एकाच उड्डाणात गाडी रुळावर आली. अशी नोंदवही स्कूल ठेवतं का, ते बघून घ्या.

दुसऱ्या ठिकाणी पत्र्याचा हँगर होता आणि वायुवीजन यथातथाच. तिथे एक मेकॅनिक ऑइल फिल्टर कापून, त्याच्या आतल्या कागदाच्या घड्या उलगडून दिव्याखाली धरत होता. मी थांबून बघत राहिले, तर त्यांनी आपणहून सांगितलं की धातूचे कण दिसतात का ते बघायचं असतं, इंजिनाच्या आत काही झिजत असेल तर ते इथे आधी कळतं. घाई नाही, कोणाला दाखवायचं म्हणून नाही. हँगरमध्ये जाऊ देता का, हे आधीच विचारा. सुरक्षेच्या कारणानं एकटीला सोडणार नाहीत हे मान्य, पण सोबत कोणी देऊनही जाऊ देत नसतील तर मी त्या स्कूलच्या नादी लागणार नाही.

मग पैसे देऊन शिक्षकासोबत ओळख करून घेण्यापुरतं एक उड्डाण घ्याच. कितीही गडबड असली तरी हे चुकवू नका. मला त्या दुसऱ्या ठिकाणी शिक्षकानं विमानाच्या पंखाखाली बसवलं आणि पारदर्शक नळीत इंधन काढायला लावलं. निळसर रंग दिसला पाहिजे, तो 100 एलएल या विमानाच्या पेट्रोलचा रंग. पहिल्या नमुन्यात तळाशी मसुराएवढा पाण्याचा थेंब होता, कारण पाणी जड असल्यानं खाली बसतं. तो काही न बोलता माझ्याकडे बघत राहिला. मी ‘हे पाणी आहे का?’ विचारल्यावर हसला आणि आम्ही स्वच्छ नमुना येईपर्यंत तीनदा इंधन काढलं. त्यात दहा मिनिटं उशीर झाला, मागचा विद्यार्थी वाट बघत होता, तरी तो घाईत आला नाही. जलदगती स्कूलमध्ये मला हेच हवं होतं: वेळापत्रक घट्ट, पण विमानापाशी कोणी ढिलाई करत नाही. हवेत असताना कंट्रोल कोणाकडे आहे हे तो प्रत्येक वेळी मोठ्यानं बोलून देत-घेत होता, आणि माझ्या हातून विमानाचं नाक वर गेलं तरी झडप घालून काढून घेत नव्हता. आधी शब्दांनी सांगायचा. खाली उतरल्यावर वीस मिनिटं बसून काय झालं ते बोलला. उतरल्यावरचं हे बोलणं नसेल तर अर्धा धडा वाया जातो.

त्याच उड्डाणात आणखी एक गोष्ट तपासा. बिल बहुधा हॉब्स मीटरवर होतं, आणि तो इंजिन चालू झालं की सहा-सहा मिनिटांच्या टप्प्यानं पुढे सरकत राहतो. काही स्कूल टॅक नावाच्या मीटरवर बिल करतात. तो इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे जमिनीवर हळू फिरताना कमी मोजतो. पहिल्या, गजबजलेल्या विमानतळावरच्या स्कूलमध्ये मी मीटर आणि घड्याळ दोन्ही लिहून ठेवलं होतं. मीटर 1.2 तास, चाकं जमिनीवरून सुटलेला वेळ जेमतेम 40 मिनिटं. बाकीचा वेळ रांगेत मोठ्या विमानांच्या मागे उभं राहण्यात गेला. मोठ्या विमानतळावर रेडिओचा सराव उत्तम होतो हे खरं. पण सुरुवातीच्या 30 तासांत, जिथे नुसतं उतरणं-चढणं घोटायचं असतं, तिथे शांत धावपट्टी फार स्वस्त पडते.

पैशाबद्दल मी कडक आहे. सगळी फी आगाऊ भरू नका, कितीही सवलत दिली तरी. अमेरिकेतली सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही प्रशिक्षण कंपनी फेब्रुवारी 2008 मध्ये एका रविवारी अचानक बंद पडली, आणि मोठमोठी कर्जं काढून आलेले अडीच हजारांच्या आसपास विद्यार्थी अर्ध्यावर राहिले. टप्प्याटप्प्यानं भरा आणि सोडून गेलात तर उरलेले पैसे किती दिवसांत परत मिळतील ते करारात लिहून घ्या. ‘हमी’ हा शब्द दिसला तर विचारा: किमान तासांच्या वर गेलं तर तासाचा दर काय? बहुतेकांना किमान तासांपेक्षा जास्तच लागतात, आणि त्यात कमीपणा नाही.

माझ्याकडून राहिलेला एक प्रश्न सांगते. परीक्षक कुठून येतो, हे मी विचारलंच नव्हतं. माझी तयारी ठरल्या वेळेला पूर्ण झाली, पण अंतिम चाचणीसाठी परीक्षकाची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. त्या तीन आठवड्यांत हात बोथट झाला, सरावाला आणखी सहा तास उडावं लागलं. गेल्या बॅचमध्ये चाचणीसाठी शिक्षकाची शिफारस मिळाल्यापासून चाचणीपर्यंत किती दिवस गेले, हा आकडा नक्की मागा. गेल्या बॅचमध्ये किती जण आले आणि कोण कधी संपवून गेलं, हेही. नावं नकोत, तारखा पुरेत.

वेगाबद्दल एक मनापासून. रोज उडण्याचा फायदा खरा आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवून दिलं होतं की शिकलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्यानं विसरतं. आठवड्यातून एकदा उडणाऱ्याचा पुढच्या धड्याचा बराचसा वेळ मागचं आठवण्यात जातो. रोज उडणाऱ्याचा जात नाही. पण दिवसाला दोन उड्डाणं ही मर्यादा समजा. मी एकदा तिसरं घेतलं होतं. त्यात उतरताना सोप्या वाऱ्यातही मी धावपट्टीच्या मध्यरेषेवर विमान ठेवू शकले नाही. शिक्षकानं गो-अराउंड करायला लावला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी दिली. ती सुट्टी सुचवणारा शिक्षक मिळणं हे माझं नशीब.

आणि रजा सुरू व्हायच्या आधीच क्लास 1 मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. डोळे, कान, हृदय यांपैकी कुठे काही अडलं तर ते फी भरण्यापूर्वी कळायला हवं. लेखी परीक्षांचे जेवढे पेपर आधी देता येतील तेवढे देऊन टाका. हवामानशास्त्र आणि नेव्हिगेशन पाठीशी असलं की संध्याकाळ पुढच्या उड्डाणाच्या तयारीला मोकळी राहते, नाहीतर तीच संध्याकाळ पुस्तकात जाते आणि झोप कमी होते.

भेट कामाच्या दिवशी ठेवा, सकाळी पहिल्या उड्डाणाच्या वेळेला पोचा. फळा, लॉगबुकांच्या तारखा, मीटर आणि घड्याळ हे वहीत लिहून आणा. दोन्ही ठिकाणचे आकडे इथे लिहिलेत तर मी नक्की बघून सांगेन.