मागच्या स्प्रिंगा बदलायच्या आधी गाडी काट्यावर घाला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०२१ची महिंद्रा थार, हार्डटॉप (पक्क्या छताची), मागे लोखंडी बंपर कायमचा बसवलेला, आणि महिन्यातून दोनदा फ्रिज, पाण्याचे कॅन, तंबू, सिलिंडर असं सगळं भरून कधी नेत्रावळीच्या कुळागरात (सुपारी-मसाल्याच्या बागेत) तर कधी अनमोडने वर दांडेलीकडे. सामान भरलं की मागून बसते, घाटात समोरचे डिपर मारतात, खड्ड्यात मागून धाडकन आवाज येतो, आणि गॅरेजवाला म्हणतो दोन इंच लिफ्टच्या, म्हणजे गाडी तेवढी उंच करणाऱ्या, हेवी ड्यूटी स्प्रिंगा टाकूया.

आत्ता नका टाकू. गॅरेजवाला लिफ्टपासून सुरुवात करतोय आणि तिथेच गडबड आहे. गाडी किती उंच दिसायला हवी ते नंतर बघू, आधी मागच्या अॅक्सलवर, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, रोजचं वजन किती पडतं ते कळू दे. आपल्याकडे गोव्यात खाणपट्ट्यात, कुडचडे उसगाव बाजूला, ट्रकांचे वजनकाटे असतात, तिथे शंभर-दोनशे रुपयांत काम होतं. गाडी दोनदा न्या, एकदा रिकामी आणि एकदा ट्रिपला निघता तशी, माणसांसकट टाकी भरून. प्रत्येक वेळी आधी पूर्ण गाडीचं वजन आणि मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन. काट्यावरचा माणूस वेड्यात काढेल, काढू दे.

हे एवढ्यासाठी की अंदाज नेहमी कमी निघतो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असला तरी टाकीसकट तो ३० किलोच्या आसपास जातो, २० लिटरचा डिझेल कॅन १७ किलो, पाणी जेवढे लिटर तेवढे किलो. वर जागेचा हिशेब वेगळाच. थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर) २४५० मिमी आहे, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या ४९० मिमी मागे तुम्ही १०० किलो ठेवलेत तर मागच्या अॅक्सलवर १०० नाही, १२० किलो येतात आणि पुढचा अॅक्सल २० किलोने हलका होतो. तुमचा बंपर, स्टेपनी, दाराला टेकवलेला फ्रिज, सगळं अॅक्सलच्या मागे. हेडलाइट वर का जातात आणि घाटात स्टिअरिंग हलकं का वाटतं ते यातच आलं.

आता स्प्रिंगचं गणित, सोपं आहे. समजा मागे जादा २४० किलो आले, एका बाजूला १२०. स्प्रिंग मिलिमीटरला ३ किलोची असेल, म्हणजे एक मिलिमीटर दबायला ३ किलो लागत असतील (यालाच रेट म्हणतात), तर गाडी ४० मिमी बसणार, ४ किलोची असेल तर ३०. (हे आकडे समजण्यापुरते, तुमच्या स्प्रिंगचा रेट विकणाऱ्याकडून घ्या. ज्याला रेट सांगता येत नाही आणि जो नुसतं हेवी ड्यूटी हेवी ड्यूटी करतो त्याच्याकडून घेऊ नका.) आणि तार किती जाड हे डोळ्यांनी बघून काही ठरवू नका, कारण कॉइलचा, म्हणजे वेटोळ्याच्या स्प्रिंगचा, कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, १३ मिमीची तार १४ केली की बाकी सगळं तेच ठेवून स्प्रिंग साधारण ३४ टक्के कडक होते, एका मिलिमीटरमध्ये! उंच स्प्रिंग आणि कडक स्प्रिंग या पण दोन वेगळ्या गोष्टी. स्प्रिंगखाली स्पेसर घातला तर गाडी उंच होते पण रेट तोच राहतो, सामान भरलं की जेवढी बसायची तेवढीच बसणार, फक्त वरून सुरुवात करून.

कडक स्प्रिंगचा त्रास मी स्वतः भोगलाय. माझ्याकडे बोलेरो आहे, मागे कॉइलऐवजी पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. वाळपईला चिरे आणि खत न्यायचो म्हणून हौसेने दोन जास्तीचे पाटे चढवून घेतले. चिरे भरले की गाडी एकदम झकास, जमिनीला समांतर. पण चिरे महिन्यातून चार दिवस, उरलेले सव्वीस दिवस गाडी रिकामी. सासूबाईंना फोंड्याहून मंगेशीला नेलं, जेमतेम नऊ-दहा किलोमीटर, उतरल्या आणि म्हणाल्या पुढच्या वेळी मी कदंबाच्या बसने येते. ते सोडा, पण पावसात चोर्ल्याच्या घाटात एका वळणावर मागची चाकं टुणकन उडून बाजूला सरकली तेव्हा खरंच घाबरलो. रिकाम्या गाडीला एवढे कडक पाटे दबतच नाहीत, चाक रस्त्याला धरून राहत नाही. दुसऱ्या आठवड्यात एक पाटा काढला आणि दुसऱ्याच्या जागी हेल्पर पाटा घातला, जो वजन आल्यावरच टेकतो.

तर तुमचा खरा प्रश्न हा की कायमचं वजन किती आणि येऊन-जाऊन किती. बंपर कायमचा, स्टेपनी तर कंपनीनेच धरलेली. उरलेलं सामान महिन्यातून दोनदा. अशा गाडीला मी कायमच्या वजनापुरती एक पायरी वरची स्प्रिंग घेईन आणि ट्रिपच्या वजनासाठी कॉइलच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या. निघताना हवा भरायची, आल्यावर कमी करायची, पण पूर्ण रिकामी नाही, नाहीतर पिशवी चिमटते आणि फाटते. दोन बाजूंना वेगळे व्हॉल्व्ह घ्या, एकाच पाइपने जोडल्या तर वळणावर हवा एकीकडून दुसरीकडे जाते आणि गाडी जास्त कलते. पाटेवाल्या पिकअपला मात्र हवेच्या पिशव्या जपून, तिथे आधी वजन पाट्याच्या दोन टोकांवर वाटलेलं असतं ते मधे एका जागी येतं आणि ओव्हरलोड करून खडबडीत रस्त्यावर घातली की चासी वाकल्याची उदाहरणं आहेत.

त्या धाडकन आवाजाचं आधी बघा. बंपस्टॉपवर (स्प्रिंग पूर्ण दबली की अॅक्सल जिथे आपटतो त्या रबरावर) ओली तांबडी माती थापा, तुमच्या नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारा आणि खाली वाकून बघा माती चेपली का. चेपली असेल तर बंपस्टॉपपर्यंत जातेय, स्प्रिंगचा विषय. चेपली नसेल तर शॉकअप (गचके मुरवणारे शॉक अॅब्सॉर्बर) गेलेत किंवा बुश (सांध्यातली रबरं), आणि नव्या स्प्रिंगांवर पैसे घालून आवाज तसाच राहील. स्प्रिंग कडक केली तर शॉकअप पण तिच्या जोडीचे हवेत, जुने ठेवले तर गाडी एका गचक्याला तीनदा नाचते. खालच्या सीटमध्ये कॉइलचं शेवटचं टोक बसतं तिथली माती पाइपने धुवा, तिथेच पाणी राहतं आणि स्प्रिंग तिथूनच तुटते. किनाऱ्यावर खारी हवा, तिकडे तर लवकर.

आणि एक नीट लक्षात घ्या, स्प्रिंग बदलून गाडीची वजन न्यायची मर्यादा वाढत नाही. अॅक्सल, बेअरिंग, ब्रेक तेच आहेत. काट्यावरचा आकडा मॅन्युअलमधल्या ग्रॉस वजनाच्या (माणसं-सामानासकट गाडीच्या कमाल वजनाच्या) वर गेला तर सामान कमी करा, दुसरा उपाय नाही. गाडी उंच करायचा विचार असेल तर आरटीओचं पण बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई आहे, अपघात झाला तर विमावाले नेमकं तेच उकरतात.

एवढं करायच्याही आधी फुकटातला उपाय करून बघा. फ्रिज आणि पाण्याचे कॅन मागची सीट पाडून तिच्यावर, पुढच्या सीटांना टेकवून पट्ट्याने आवळा, मागे दाराशी फक्त तंबू आणि गाद्या. मग चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या काठापर्यंत टेपने माप घ्या, चारही चाकांचं, रिकामी आणि भरलेली. मागे फरक २५-३० मिमी आला तर स्प्रिंगांना हातही लावू नका, नुसते हेडलाइट खाली करून घ्या. ६० च्या वर गेला तर काट्याची चिठ्ठी आणि मापं इथे टाका, मग रेट कुठला घ्यायचा ते बसून काढू.